मागाच्या आवाजातली हाक

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं घरचे म्हणतात आणि ते खोटं नाही. असली बाई विशेष मुलांची शिक्षिका कशी झाली, हे मलाही कधीकधी कळत नाही. पण झाले खरी. स्कूटरवरून आज कडोली, उद्या उचगाव, परवा वडगाव अशी सीमाभागातल्या सरकारी मराठी शाळांतून फिरते. ज्या मुलाचं वर्गात जमत नाही त्याच्या शेजारी जाऊन बसायचं आणि का जमत नाही ते शोधायचं, एवढंच माझं काम. कुणाला अक्षरं उलटी दिसतात, कुणाला ऐकू कमी येतं. कुणाचं तर काहीच बिघडलेलं नसतं, नुसता चष्मा हवा असतो आणि आईबापांनी डोक्यात राख घालून घेतलेली असते.

वडगावच्या शाळेतली ती मुलगी यातल्या कशातच बसत नव्हती. तिसरीत होती. मी पहिल्यांदा तिच्या वर्गात गेले, तेव्हा वर्गाकडे पाठ करून तिच्या वर्गशिक्षिकेशी बोलत उभी होते. टाचेवर खडूचा तुकडा येऊन लागला. शाळेत खडू उडतातच, मी काही वळले नाही. मग खोडरबर आलं. मग पेन्सिलीची डबी आली. आणि मग काही कळायच्या आत माझ्या पोटरीला असा कडकडून चावा बसला की मी सगळं बालमानसशास्त्र विसरून बोंब मारली.

दोन वेण्या घातलेली, काडीसारखी पोरगी. चावून झाल्यावर मुलं पळतात, रडतात, नाहीतर दुसऱ्याचं नाव सांगतात. ही जागची हलली नाही. माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली, आता पुढचं काम माझं आहे अशा नजरेनं. मी विचारलं, ‘‘काय झालं?’’ तर हळू आवाजात म्हणाली, ‘‘तुमची ओढणी पंख्याला लागंल.’’ भिंतीवरच्या पंख्याची जाळी तुटलेली होती आणि माझी ओढणी खरोखरच त्याच्या तोंडाशी फडफडत होती.

मी ओढणी आवरली, पोटरी चोळली, आणि खरं सांगायचं तर तिच्यावर भयंकर चिडले. तोंडानं सांगायला काय झालं होतं?

मुख्याध्यापकांनी मला खोलीत बसवून सगळा पाढा वाचला. वर्षभर हे असंच चाललं होतं. आधी शहाणी पोर होती म्हणे, दुसरीत असताना एकदम बिघडली. वस्तू फेकते, मारा, ओरडा, काही उपयोग नाही, आणि शेवटी चावते. नुकतंच तिनं शेजारच्या मुलीच्या दंडाचा चावा घेतला होता. त्या मुलीची आई शाळेच्या दारात उभी राहून तोंडाला येईल ते बोलून गेली होती. आणखी काही पालक तिच्या मागे होते. लांबच्या गावी अशा मुलांसाठी राहून शिकायची एक शाळा आहे, तिथं पाठवावं असं शाळेचं जवळजवळ ठरलं होतं.

‘‘वडील तयार आहेत. तुमचं मत तेवढं राहिलंय,’’ सर म्हणाले. ‘‘डिसेंबरच्या आत काय ते सांगा. मला वर्गातल्या बाकीच्या पोरांनाही सांभाळायचंय.’’

त्यांचं चूक नव्हतं. पण आठ वर्षांची पोर घरापासून, आईपासून तोडून नेऊन ठेवायची, आणि तिला नक्की काय झालंय हे कुणालाच ठाऊक नाही! आणि ते माझ्या एका शब्दावर ठरणार होतं.

आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं मी केलं. शांत कोपरा केला, चटई घातली, मणी आणले, चिकणमाती आणली. ती मणी ओवायची, छान ओवायची. सराईत बोटं चालायची तिची, विणकराच्याच घरातली ती. मातीची बैलजोडी केली. आणि मधल्या सुट्टीत पुन्हा कुणालातरी चावली. कानांच्या डॉक्टरांकडे नेलं, घसा दाखवला. सगळं ठणठणीत.

तिच्या शेजारी बसून बसून दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या. एक म्हणजे ती कधीच तोंडावर फेकायची नाही. नेहमी पायाशी, आणि नेहमी पाठमोऱ्या माणसाच्या. दुसरी म्हणजे ती बोलायची सगळं, पाढे म्हणायची, विचारलं तर उत्तर द्यायची, पण हाक म्हणून कुणाला मारायची नाही. पलीकडच्या बाकावरच्या मैत्रिणीलासुद्धा नाही. या दोन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या आहेत हे मात्र मला दिसलं नाही. मी त्या वेगवेगळ्या धरून बसले होते.

मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले.

वडगावात मागाचं घर शोधावं लागत नाही, घरंच आपल्याला कानांनी ओढून नेतात. पुढच्या मोठ्या खोलीत यंत्रमाग, मागं स्वयंपाकघर, आणि सगळी भिंत त्या खडखडाटानं थरथरणारी. वडील मागावर होते. त्यांनी मान हलवून मला आत यायची खूण केली, सूत तुटलं होतं ते सांधायला पुन्हा वाकले. मुलगी उंबऱ्याच्या बाहेर, पायरीवर बसली होती. आत आली नाही. मी मागावरच्या साडीचा काठ बघत उभी राहिले. अंजिरी रंगाची साडी, पिवळा काठ, मी मनातल्या मनात ती नेसूनही बघितली.

तेवढ्यात माझ्या घोट्यावर काहीतरी टणकन लागलं.

माझं डोकंच फिरलं. इथंही! मी गर्रकन वळले ते पायरीकडे. पण मुलगी तिथं गुडघ्यात तोंड घालून बसली होती. माझ्या पायाशी एक रिकामी कांडी पडली होती, मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सूत भरून घालतात ती, बोटाएवढी. आणि समोर स्वयंपाकघराच्या दारात तिची आई उभी होती. तिनं डाव्या हातानं कपाचा आकार करून तोंडाशी नेला. चहा घ्यायला या, असं.

मागच्या परड्यात बसल्यावर तिचं बोलणं मला ऐकू यायला लागलं.

‘‘राग मानू नका बाई. हात बसला न्हाय अजून, डाव्या हातानं टाकते, कुठं बी लागतंय. उजव्यानं टाकायचे तवा बरोबर पायाशी पडायची.’’

‘‘पण कांडी का फेकायची?’’

ती हसली. ‘‘मागात हाक कुठली ऐकू येतीया? घसा फोडून घेतला तरी न्हाय. रिकामी कांडी पायाशी टाकायची, माणूस वळतंय. आमच्या सासूबाई तसंच बोलवायच्या. पोरं चालायला लागली की तेच शिकत्यात.’’

मी हातातला कप खाली ठेवला. वर्षभर सगळी शाळा त्या पोरीला फेकाफेकीची शिक्षा करत होती, आणि ती बिचारी घरच्या रीतीनं माणसांना हाका मारत होती.

पण हे एवढंच असतं तर ती पहिलीपासून फेकत आली असती. वर्गात तर शांतता होती, तिथं कांडीची गरजच नव्हती. म्हणून मी आईला विचारलं, हिनं तोंडानं हाक मारणं कधी सोडलं? तिनं पदराखालचा उजवा हात बाहेर काढून मांडीवर ठेवला. त्याची दोन बोटं नव्हती.

‘‘त्या दिवसापास्नं,’’ ती म्हणाली.

कांड्या भरायच्या यंत्रावर ती बसली होती. मोटारीच्या पट्ट्यात पदर गेला, पदराबरोबर हात. नवरा पलीकडच्या मागावर, पाठमोरा. मुलगी शेजारी खेळत होती. पोर ओरडली, खूप ओरडली, पण त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? मग तिनं बापाच्या पायाशी कांडी टाकली. त्याला वाटलं पोर खेळायलीया. त्यानं मागं न बघताच हात हलवला, जा म्हणून. तिनं दुसरी टाकली, तिसरी टाकली.

‘‘मग ह्येंनी वळले आणि मोटार बंद केले. पुढचं मला आठवत न्हाय,’’ आई म्हणाली. ‘‘मी दवाखान्यात. पोरीला शेजारी ठेवलतं. हात वाचला हेच लई झालं म्हणायचं.’’

निघताना वडील स्कूटरपर्यंत सोडायला आले. बुटके, अबोल गृहस्थ, खांद्यावर टॉवेल. मी किल्ली लावली तरी ते तिथंच उभे.

‘‘पोरीच्या आईनं एक सांगितलं न्हाय तुम्हास्नी,’’ ते म्हणाले. ‘‘तिला म्हाईत बी न्हाय. मी कांडीनं वळलो न्हाय, बाई. पोर येऊन पोटरीला चावली, तवा वळलो. आणि वळल्याबरोबर तिच्या थोबाडीत दिली. आदी दिली, मग बघितलो.’’

पोटरीवरची जागा आपोआप आठवली. फेकायचं, पुन्हा फेकायचं, आणि माणूस वळलाच नाही तर चावायचं. तिच्या दृष्टीनं त्या दिवशी कामाला आला होता तो फक्त चावा. म्हणून तर चावून झाल्यावर ती माझ्या तोंडाकडे तशी बघत राहिली होती.

‘‘त्या दिवसाचं तिच्याशी बोललात कधी?’’ मी विचारलं.

‘‘कशाला ती आठवण काढायची? मागात यायचं न्हाय म्हणून सांगितलोय. कांड्याची पेटी बी वर ठेवलोय. माझ्या पायाला काय लागलं की मला ते...’’ त्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं. ‘‘तिकडं लांब गेली तर इसरंल बाई. हितं रोज आईचा हात बघतीया.’’

म्हणजे पोरीला दूर पाठवायला ते तयार होते ते कंटाळून नव्हे, तिचं भलं व्हावं म्हणून. मला त्यांचा रागही येईना, आणि राग न येणं मला फारसं जमत नाही.

सोमवारी मी वर्गात जाहीर केलं, की पायाशी काही पडलं की वळायचं आणि ‘काय गं?’ म्हणायचं. बास. दुपारपर्यंत शाळेत युद्ध पेटलं. जो तो ज्याच्या त्याच्या पायाशी काहीतरी फेकतोय आणि ‘काय गं, काय रं’ म्हणत गरागरा वळतोय. सरांच्या टकलावर चिंचोका बसला. त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग तिच्या आईनं साडीच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचा एक चेंडू करून दिला, तो फक्त तिचा. पोरं पोरंच, नियम ठरला की मोठ्यांपेक्षा चांगला पाळतात. चेंडू आला की वळायची. ती सांगायची काय ते, कुणाची वही पडलीय, कुणाच्या दप्तरावर मुंगळा चढलाय. एवढंसं सांगायचं असायचं तिला! आणि सांगून झालं की तोंडावरचा ताण असा उतरायचा की बघतच राहावं.

चावणं थांबलं. मी हवेत होते.

मग स्नेहसंमेलनाची तालीम सुरू झाली आणि मैदानात मोठा कर्णा लावला. त्या दणदणाटात तिनं खेळाच्या सरांच्या पायाशी चेंडू टाकला. त्यांना कळलं नाही. पुन्हा टाकला. आणि मग त्यांच्या हाताला चावली, रक्त येईपर्यंत. टाकीचा नळ चालू राहिला होता, एवढंच तिला सांगायचं होतं.

मुख्याध्यापक या वेळी रागावले नाहीत, तेच वाईट. ‘‘बाई, शाळेत तुम्ही सगळ्यांना वळायला शिकवाल. बाहेर कोण वळणार?’’ त्यांनी वडिलांना सोमवारी बोलावलं.

सरांचं म्हणणं माझ्या मनात घर करून बसलं. शाळा शंभरदा वळली तरी जो एकदा वळला नव्हता तो वळायला हवा होता. मी पुन्हा वडगावात गेले आणि वडिलांना हात जोडून म्हटलं, ‘‘अण्णा, एकदा तिला तुमच्या पायाशी टाकू द्या. वळा, आणि विचारा काय ते.’’ ते म्हणाले, ‘‘व्हायचं न्हाय माझ्याच्यानं. तुम्ही सांगा तिथं सही करतो, पण ह्ये न्हाय.’’ मी चिडून, दोन शब्द जास्तच बोलून परत आले.

सोमवारी ते आले, धुतलेला शर्ट घालून, चपला दाराबाहेर काढून. सरांच्या टेबलासमोर दाराकडे पाठ करून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. मी बाजूच्या खुर्चीवर, दार मला दिसत होतं. सर त्या लांबच्या शाळेबद्दल सांगत होते, तिथं खोल्या कशा आहेत, सुट्टीला घरी कधी पाठवतात. वडील ‘व्हय, व्हय’ म्हणत होते.

तिनं दाराबाहेरच्या बापाच्या चपला बघितल्या असणार. दारात येऊन उभी राहिली, हातात चेंडू. आणि तिनं तो टाकला. बरोबर टाचेवर.

वडिलांची मान ताठ झाली. त्यांना कळलं होतं. कापडी चेंडू असला म्हणून काय झालं, ते लागणं त्यांना ओळखू आलं होतं. सर बोलायचे थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. वडील वळले नाहीत. टेबलाची कड धरून उभे राहिले, बोटं पांढरी पडली.

तिच्याजवळ दुसरा चेंडू नव्हता. तिनं खाली वाकून बापाचीच चप्पल उचलली आणि टाकली. ती त्यांच्या पोटरीला लागून पडली.

आता तिसरं काय असणार ते मला माहीत होतं. तिनं उंबरा ओलांडला. मी खुर्चीतून अर्धी उठले, ‘वळा की हो!’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण त्याआधी ते वळले. नुसते वळले नाहीत, तिथंच फरशीवर उकिडवे बसले, तिच्या तोंडासमोर तोंड येईल असे.

‘‘काय गं?’’

आवाज फाटलेला होता. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळू, पण स्पष्ट म्हणाली,

‘‘आप्पा, आईचा हात अडकलाय.’’

सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. मी परत खुर्चीत बसले. आई घरी आली होती, आईच्या हातचं ती रोज जेवत होती, आणि तरी हे सांगायचं तिचं राहिलंच होतं.

‘‘व्हय गं,’’ वडील म्हणाले. ‘‘बघितलो. सोडवलो तो.’’

‘‘कवा?’’

‘‘तवाच. तू सांगितलीस, मी मोटार बंद केलो, पट्टा कापलो, सोडवलो. तू सांगितलीस म्हणून हात ऱ्हायला आईचा. न्हायतर समदा गेला असता.’’

ती विचार करत होती. तिच्या कपाळावर आठी होती, गणित सोडवताना असायची तशी.

‘‘मला मारलासा,’’ ती म्हणाली.

‘‘मारलो. चुकलो गं बाई. मागात काय कळलं न्हाय मला. लई चुकलो.’’

त्यांनी दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं आणि मग ते जे रडायला लागले, ते आवरेचना. ती काही रडली नाही. तिनं त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून त्यांच्या हातात दिला. मी मात्र रडले, चांगली हुंदके देऊन, सरांच्या समोर. इतके दिवस छातीवर धरलेलं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं मला वाटत होतं. माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू!

सरांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर ठेवला. मग म्हणाले, ‘‘त्या लांबच्या शाळेचं राहू दे अण्णा. ती हितंच शिकू दे.’’

वडिलांनी मान हलवली.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. शाळेतल्या या गरम जेवणाला कानडीत बिसी ऊट म्हणतात, आणि बिसी ऊट म्हणजे सगळ्या शाळेचा कल्ला. व्हरांड्यात पोरांच्या दोन लांब रांगा, ताटांचा खणखणाट, कुणाचं सांबार सांडलेलं, कुणी कुणाला ढकललेलं. ती पळत जाऊन तिच्या जागेवर बसली. वडील पायरीवर टेकले, मी त्यांच्या शेजारी खांबाला धरून उभी. वाढणारी आक्का वाढत वाढत पार पुढं गेली होती, पाठमोरी, आणि ही उशिरा आल्यामुळं हिचं ताट रिकामंच राहिलं होतं. चेंडू तर आत सरांच्या खोलीत पडलेला. ती आजूबाजूला काहीतरी चाचपायला लागली. मी तिच्याकडे निघणार होते. वडिलांनी हात आडवा धरून मला थांबवलं.

तिनं चाचपायचं थांबवलं. गुडघ्यांवर उठून बसली, मान वर केली, आणि सगळ्या व्हरांड्याच्या गोंगाटावर चढून तिचा आवाज आला.

‘‘ओ आक्काऽऽ! मला भात!’’

आक्का वळली आणि भाताची बादली घेऊन मागं आली.